हेडसेट, एआय चष्मे, ओटीपी... आपल्या वतीनं ‘ओके’ कोण दाबतंय?

शहापूरच्या_बाई (धागा)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या सगळ्यांसाठी धागा काढतेय. लांब झालाय पण वाचा आणि लिहा.

मी शहापुरात शिकवण्या घेते त्यामुळं पोरांबरोबर त्यांच्या आयाही येतात, आणि आल्या की मोबाइल पुढं करून "बाई, हे काय आलंय बघा की" म्हणतात. बहुतेक वेळा ती कसलीतरी परवानगी असते. कॉन्टॅक्ट बघू का, लोकेशन घेऊ का, माइक चालू करू का. मजकूर इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली बाई ते काय वाचणार, ती निळं बटण दाबते कारण ते मोठं असतं आणि ‘नको’ कुठंतरी खाली राखाडी अक्षरांत बारीक लिहिलेलं असतं. ही मांडणी मुद्दाम तशी केलेली असते. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला असल्या फसव्या मांडणीचे १३ प्रकार नावं देऊन मना केलेत, डार्क पॅटर्न म्हणतात त्यांना. तरी रोज दिसतात.

आता नवीन विषय. आमच्या भागातल्या एका शाळेत (नाव लिहीत नाही) व्हीआर हेडसेट येणार आहेत. डोळ्यांवर लावायचा आणि सूर्यमाला, हृदयाचे कप्पे, किल्ले असं आपण आत उभं असल्यासारखं बघायचं. हेडसेटला माझा अजिबात विरोध नाही, फळ्यावर हृदय काढून दाखवताना माझीच दमछाक होते, पोरांना असं बघायला मिळालं तर सोनंच. पण पालकांकडून सही घ्यायला जो कागद आला तो एक पानी, इंग्रजी, आणि त्यात एवढंच की अनुभव सुधारण्यासाठी माहिती गोळा केली जाऊ शकते. कसली माहिती, कुणाकडं जाणार, किती वर्षं ठेवणार, नको म्हटलं तर पोराचं काय होणार, काही नाही. आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या सह्या झाल्या!

म्हणून मी वाचायला लागले. हेडसेट डोक्याची आणि हातांची हालचाल सेकंदाला कितीतरी वेळा मोजतो, नाहीतर आतलं चित्र आपल्याबरोबर फिरणारच नाही. म्हणजे हे मोजणं बंद करायची सोयच नाही. २०२३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी ५५ हजारांवर खेळाडूंच्या नुसत्या हालचालींच्या नोंदी घेतल्या, आणि फक्त १०० सेकंदांच्या नोंदीवरून हा माणूस कोण हे ९४ टक्के वेळा बरोबर ओळखलं. चेहरा नाही, आवाज नाही, नाव नाही, फक्त मान कशी वळते आणि हात कसा फिरतो. पासवर्ड बदलता येतो हो, हात हलवायची लकब पोरगं कशी बदलणार?

माझं सगळं म्हणणं एकाच गोष्टीपाशी येतं. आपल्या भागात माणसाचा होकार बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी देतो. ऑनलाइन सेंटरवाला देतो, गोव्यातला मुलगा देतो, शाळा देते. आणि तंत्रज्ञान जितकं अंगाजवळ यालंय तितका हा परका होकार महाग पडणार आहे.

आता चांगली बातमी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मागताना ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायला पाहिजे. त्या २२ भाषांत मराठी आहे, कन्नड आहे, कोकणीही आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य कलमांची अंमलबजावणी करायला १८ महिने दिलेत. मराठीत कागद मिळावा म्हणून सीमाभागानं किती वर्षं घालवली ते इथं कुणाला सांगायला नको. इथं मात्र तो केंद्राच्या कायद्यात लिहिलेला हक्क आहे, सगळ्या देशाला एकसारखा, आणि मला तरी एकही माणूस भेटला नाही ज्यानं तो मागितलाय.

तुमचे अनुभव लिहा.

अनगोळकर_कोडवाला

बाई, चांगला विषय काढलात. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरून काम करतो, थोडी भर घालतो.

फोन आणि हेडसेटमध्ये मोठा फरक हा की फोनला तुमचं बोट कळतं आणि हेडसेटला सगळं अंग कळतं. उंची, हाताची लांबी, तोल कसा जातो, कुठल्या हातानं वस्तू उचलता हे त्यात आलंच. बाहेरच्या कॅमेऱ्यांनी तो खोलीचाही नकाशा बनवतो, नाहीतर तुम्ही भिंतीवर आपटाल. काही महागड्या हेडसेटमध्ये डोळ्यांची हालचालही मोजतात, फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या २०२२ च्या क्वेस्ट प्रोमध्ये ती सोय होती आणि २०२४ ला आलेल्या ॲपलच्या व्हिजन प्रोमध्ये तर डोळ्यांनीच सगळं निवडायचं असतं. ॲपलनं निदान एवढं केलंय की तुम्ही नुसतं कशाकडं बघताय ते ॲपवाल्याला दिसत नाही, चिमूट करून निवडलं तरच त्याला कळतं. म्हणजे मनात असलं तर अशी रचना करता येते हे सिद्ध झालं. डोळा कशावर किती वेळ थांबला ही फार खाजगी गोष्ट आहे, माणूस तोंडानं बोलत नाही ते डोळा बोलून जातो.

वेबवर आजपर्यंत काय झालं ते बघितलं की पुढचा अंदाज येतो. आपण एका साइटवर चप्पल बघितली की दुसऱ्या साइटवर चपलेची जाहिरात येते, ते थर्ड पार्टी कुकीमुळं, म्हणजे तिसऱ्याच कंपनीनं आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणेमुळं. ॲपलच्या सफारी ब्राउझरनं २०२० मध्ये त्या सरसकट बंद केल्या. गुगलनं त्याच वर्षी क्रोममधनं काढणार म्हणून जाहीर केलं, पुढं ढकलत ढकलत २०२४ मध्ये तो बेतच सोडला. ज्याचा धंदा जाहिरातीवर तो स्वतःहून थांबत नाही हा माझा सरळ हिशोब आहे.

शाळेसाठी व्यवहारातलं सांगतो. प्रत्येक पोराच्या नावानं खातं काढू देऊ नका, शाळेच्या नावानं एकच खातं ठेवा आणि पोरांनी आळीपाळीनं वापरा. घरच्या फेसबुक, इन्स्टाशी अजिबात जोडू नका. धडे आधी उतरवून ठेवता आले तर वर्गात वायफाय बंद ठेवा. आणि मेटाच्या हेडसेटला १० वर्षांखालच्या मुलांना मुळात परवानगीच नाही, १० ते १२ ला आईवडिलांनी काढून दिलेलं खातं लागतं. शाळेला हे माहीत आहे का विचारा.

खानापूर_सेंटरवाला

बाई, राग मानू नका पण तुम्ही सेंटरवाल्याचं नाव घेतलाय म्हणून लिहालोय. मी स्वतः सेंटर चालवतो.

आमच्याकडं कोण येतंय बघा. कणकुंबी, जांबोटीकडनं म्हातारी माणसं सकाळची बस धरून येत्यात. भीमगडच्या जंगलातल्या गावांत रेंज नाही, तिथनं चालत रस्त्यापर्यंत यायचं आणि मग पुढं. गृहलक्ष्मी योजनेचे २००० का आले नाहीत, पहाणीचा उतारा पाहिजे, सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवर अर्ज घालायचाय. आजीचा आधारला जोडलेला नंबर पोराचा, पोरगा गोव्यात हॉटेलात कामाला, तेला फोन लावायचा, तो गिऱ्हाईक सोडून बाजूला येणार, ओटीपी वाचून सांगणार, तोवर वेळ संपलेली. परत दुसरा ओटीपी. बाहेर रांग लागलेली आणि शेवटची बस साडेपाचला. अशा वेळी मी तिला स्क्रीनवरची परवानगी वाचून दाखवत बसू? वाचली तरी मला तरी ते कन्नडमधलं कायद्याचं सगळं कळतंय काय, मीपण मराठी शाळेतलाच की.

आणि लोकं विश्वासानं देत्यात. एटीएमचा पिन सुद्धा सांगून मोकळी होत्यात, मीच वरडतो की आजी असं कुणाला सांगू नका म्हणून. काही सेंटरवाले वाईट हाईत हे खरं हाय, आधारच्या झेरॉक्सा गठ्ठ्यानं पडलेल्या असत्यात, कोण बघत नाही. पण सगळा दोष आमच्यावर टाकू नका. सरकारनं सगळं ऑनलाइन केलं आणि माणूस शिकवायला कुणी ठेवला नाही, ती जागा आम्ही भरालोय, एका अर्जामागं चाळीस पन्नास रुपयांत.

शहापूरच्या_बाई

खानापूरचे भाऊ, तुमचा राग रास्त आहे आणि तुम्ही लिहिलंत ते बरंच झालं. तुमच्यासारखे नसते तर कितीतरी आज्यांचे पैसे अडकले असते. मला बोलायचंय ते त्या वेळ संपणाऱ्या ओटीपीबद्दल. ज्यानं ही पद्धत आखली त्यानं समोर शिकलेला, स्वतःचा नंबर असलेला, रेंजमध्ये बसलेला माणूस धरला होता. कणकुंबीची आजी त्याच्या हिशोबातच नव्हती.

पण एक विनंती. स्क्रीन तिच्याकडं वळवा आणि एकच वाक्य मराठीत सांगा, "आजी, हे तुमचा अंगठा मागतंय, कशाला तर पेन्शनसाठी, देऊ काय?" एवढंच. ती हो म्हणेल, नव्व्याण्णव वेळा म्हणेलच, पण तो हो तिचा असेल. आणि झेरॉक्स पाहिजेच असेल तर मास्क केलेल्या आधारची चालते का विचारा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

अंगठ्याचं का म्हणतेय तर २०२३ मध्ये आपल्याच राज्यात काय झालं आठवा. जमिनीच्या नोंदणीच्या कावेरी पोर्टलवरच्या दस्तांवरून लोकांच्या बोटांचे ठसे उचलले, त्यांच्या नकला केल्या आणि आधारवर चालणाऱ्या पेमेंटमधनं खात्यातले पैसे काढले, बेंगळुरूच्या पोलिसांनी पकडलं त्यांना. लोकांनी कुणालाही ओटीपी सांगितला नव्हता. घर घेतलं होतं, एवढंच.

टिळकवाडी_जुना

मला यातलं एक कळत नाही. ज्यानं काही वाईट केलं नाही त्याला भ्यायचं कारण काय? माझं लोकेशन घेऊन कंपनी काय करणार? मी भाजीला जातो आणि देवळात जातो.

कॅम्पातला_वकील

काका, हाच प्रश्न सरकारनं सुप्रीम कोर्टात वेगळ्या शब्दांत मांडला होता, की खाजगीपणा हा मूलभूत हक्कच नव्हे. ज्यांच्या याचिकेवरून तो निकाल लागला ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. वयाच्या ऐंशीपुढं त्यांनी ही लढाई घेतली. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क आहे. पुढं २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात खाजगी कंपन्यांना आधारची सक्ती करू देणारा भाग रद्द झाला. सिमकार्डासाठी आधारच पाहिजे असं कुणी म्हणालं तर हा निकाल सांगा, दुसरं ओळखपत्र चालतं.

तुम्ही भाजीला आणि देवळात जाता, बरोबर आहे. पण रोज कधी घराबाहेर पडता आणि घर किती वेळ बंद असतं हेही त्यातनंच कळतं. कुठल्या दवाखान्यात वरचेवर जाताय हे विमा कंपनीला कळलं तर तुमचा हप्ता बदलू शकतो.

बाई, कायद्याबद्दल एक पुरवणी. १८ वर्षांखालच्या सगळ्यांना या कायद्यात मूल धरलंय, त्यांची माहिती घ्यायला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते. शाळांना शिक्षण आणि सुरक्षिततेपुरत्या काही सवलती नियमांत आहेत, तेव्हा शाळा त्यावर बोट ठेवेल. तरी ती सवलत शाळेच्या कामापुरती, हेडसेटच्या कंपनीनं पोरांवर जाहिराती मारायला नाही. मोठ्यात मोठा दंड २५० कोटींचा आहे.

येळ्ळूरचा_मावळा

काका, लपवायला काही नसलं तरी भ्यायला लागतं. सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधात १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात, त्याच्या फेरीला आमच्या घरातनं आजोबांपासून सगळे जातात, उघड जातात, त्यात चोरी नाही. पण आता फोटो ग्रुपवर टाकताना हात थांबतो. नोकरीला लागलेल्या पोराचा चेहरा कुठल्या यंत्रात जाऊन बसतोय आणि दहा वर्षांनी कोण कशासाठी उघडणार कुणाला माहीत. आधी फोटो अल्बममध्ये राहायचा, आता तो शोधता येतो.

उचगावची_पोर

मला चष्म्यांबद्दल बोलायचंय. मेटाचा रे-बॅन चष्मा २०२५ च्या मे महिन्यात भारतात विकायला आला, २९,९०० पासून. दिसायला साधा गॉगल, कोपऱ्यात कॅमेरा, फोटो व्हिडिओ घेतो आणि एआयला विचारता पण येतं. गेल्या लग्नसराईत एका हळदीला नवऱ्याकडच्या एकानं घातलेला. आम्ही मुली नाचत होतो, तासाभरानं कुणीतरी सांगितलं की अगं त्यात रेकॉर्डिंग होतं. लाइट लागतो म्हणे घेताना. भर दुपारी मांडवात तेवढा बारीक लाइट कुणाला दिसतोय? आणि दिसला तरी त्याचा अर्थ कुणाला माहीत होता?

२०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी असाच चष्मा घेऊन दाखवून दिलं की रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा चेहरा टिपायचा, चेहरा शोधणाऱ्या वेबसाइटला द्यायचा आणि नाव, पत्ता, सगळं काढायचं. लोकांना सावध करायला केलं त्यांनी आणि तो प्रोग्रॅम बाहेर दिला नाही. पण करता येतं एवढं कळलं ना.

मोबाइल वर धरला की निदान कळतं आणि ओढणी नीट करता येते, तोंड फिरवता येतं. चष्म्यात ती संधीच काढून घेतलीय. आमच्या गल्लीत मी आणि वैनींनी मिळून ठरवलंय, हळद आणि डोहाळजेवण असल्या बायकांच्या कार्यक्रमात असला चष्मा काढून ठेवायला सांगायचा, पत्रिकेबरोबरच निरोप द्यायचा. पहिल्यांदा लोकं नाराज होतील, होऊ देत.

शिनोळीकर

आमचं घर चंदगड तालुक्यात म्हणजे महाराष्ट्रात, दुकान बेळगावात, बँक बेळगावात, सिम महाराष्ट्राचं. गेल्या वर्षी माझ्या मामांना व्हिडिओ कॉल आला, खाकी कपडे घातलेला माणूस, पाठीमागं पोलीस ठाण्यासारखा देखावा, तुमच्या आधारवर बेकायदा पार्सल सापडलंय, कॅमेऱ्यासमोरनं हलायचं नाही. शुद्ध मराठीत बोलत होता, आपल्या मराठीत नव्हे, पुण्याच्या. मामी शेजारणीला बोलवायला गेली म्हणून वाचले, तरी काही रक्कम गेलीच. मग सुरू झालं की तक्रार कुठं. एका ठाण्यात म्हणाले तुमचं गाव महाराष्ट्रात, तिकडं जावा. दुसरीकडं म्हणाले खातं कर्नाटकात, तिकडं जावा.

तर सगळ्यांनी लिहून ठेवा. पैसे गेले की पहिल्यांदा १९३० ला फोन. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हा नंबर देशभर एकच, सीमा बिमा नाही. जितका लवकर तितके पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, झिरो एफआयआर लिहिलेली आहे, हद्द कुठलीही असो ठाण्यानं गुन्हा नोंदवून घ्यायचा आणि मग पुढं पाठवायचा. कलम १७३ सांगा. डिजिटल अरेस्ट असा प्रकार कुठल्याच कायद्यात नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत.

२०२५ च्या मार्चमध्ये आपल्या खानापूर तालुक्यात एका वृद्ध जोडप्यानं ह्याच छळापायी जीव दिला. नाव गाव लिहीत नाही. पण आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना आजच सांगा, असा फोन आला तर लाजू नका, आम्हाला हाक मारा. ते लाजेनं गप्प बसत्यात, पैशापेक्षा तेच जास्त मारतंय.

निपाणीचा_भाऊ

माझा पुतण्या. तंबाखूच्या वखारीत हजेरीवर काम. रमीच्या ॲपवर पहिल्यांदा जिंकला, मग हरत गेला, मग ते हरलेलं काढायला दुसऱ्या ॲपवरनं कर्ज घेतलं. कर्जाच्या ॲपनं कॉन्टॅक्ट बघू का विचारलं, दाबला हो. हप्ता चुकला तसे त्याच्या मोबाइलमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज जायला लागले, हा चोर हाय म्हणून, त्याच्या बहिणीच्या सासरी सुद्धा. पोरगं तीन दिवस घराबाहेर पडलं नाही, जेवलं नाही.

नंतर कळालं की रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ लाच सांगितलंय, कर्ज देणाऱ्या ॲपनं कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो ह्यांना हात लावायचा नाही. म्हणजे ते विचारणंच बेकायदा होतं! पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदाच केला, मोठी ॲपं बंद पडली, चांगलं झालं. पण आता टेलिग्रामवर लिंका यालेत, बाहेरच्या देशातल्या. पोरांना त्यातनं कोण सोडवणार.

मला ह्या हेडसेटची भीती कशाला वाटते सांगतो. चार इंचांच्या स्क्रीननं ह्या पोराला एवढं धरलं, उद्या तोच पत्त्यांचा डाव त्याच्या चारी बाजूंनी उभा केला तर?

सिस्टर_आक्का

निपाणीचे भाऊ, पुतण्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, कुठल्याही वेळी, मराठी कन्नड दोन्हीत बोलता येतं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी रुग्णालयात २०१४ पासून मोबाइल आणि इंटरनेटच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालतं, गरज पडली तर तिकडंही नेता येईल. ही सवय पोराच्या वाईट वळणामुळं लागली असं घरात कुणी बोलू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या व्यसनाला २०१९ मध्ये आजारांच्या यादीत घातलंय.

शाळेच्या हेडसेटबद्दल: डोळ्याला वाटतं आपण चालतोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण बसलोय, ह्या गोंधळात मळमळ, चक्कर येते. काही पोरांना दोन मिनिटांत येते. सुरुवातीला थोडाच वेळ, बसूनच, आणि नको म्हणालं की लगेच काढायचा. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरना विचारल्याशिवाय लावू नका. डोळे आलेत, साथ आहे अशा दिवसांत एकच हेडसेट तीस पोरांच्या तोंडावर फिरवणं बरोबर नाही, प्रत्येक वेळी पुसायला पाहिजे.

हलग्याचा_मास्तर

आमच्या हलग्यात संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि ९ पर्यंत टीव्ही, मोबाइल बंद ठेवायचा. सांगली जिल्ह्यात अग्रण धुळगावानं केलं ते बघून आपल्याकडं आलं, त्याच जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावनं २०२२ पासून चालवलंय. शंभर टक्के घरं पाळतात असं मी म्हणणार नाही, मालिका सोडवत नाहीत लोकांना. पण पोरं पुस्तक घेऊन बसलेली दिसतात आणि मुख्य म्हणजे बापही बसतो. एकट्या पोराचा मोबाइल काढून घेतला की भांडण होतं, सगळ्या गल्लीचा एकदम बंद झाला की पोराला आपण मागं पडतोय असं वाटत नाही. नियंत्रण नियंत्रण म्हणतो तर ते एकेकट्यानं जमायचं नाही, पलीकडं शेकडो इंजिनियर बसलेत तुम्हाला खिळवून ठेवायला. खाली संपतच नाही अशी स्क्रीन २००६ मध्ये ज्यानं शोधली त्या अझा रास्किनलाच नंतर त्याची खंत वाटली आणि त्यानं उघड बोलून दाखवलं.

खानापूर_सेंटरवाला

एक विचारतो. व्हॉट्सॲपमध्ये ते निळं गोल कडं आलंय एआयचं, त्याला लोकं काहीपण विचारालेत, गुडघा दुखतोय, जमिनीचा वाद हाय. ते सगळं कुठं जातंय? आणि ह्या मोठ्या कंपन्यांना सोडून दुसरं काही नाही काय?

अनगोळकर_कोडवाला

तुम्ही आणि मी एकमेकांना पाठवतो ते मेसेज टोकापासून टोकापर्यंत बंद असतात, कंपनीला वाचता येत नाहीत. त्या एआयला जे लिहिता ते मात्र तुम्ही कंपनीलाच लिहिताय. १६ डिसेंबर २०२५ पासून मेटानं सांगूनच टाकलंय की एआयशी केलेल्या बोलण्यावरून जाहिराती आणि पोस्ट ठरवणार. तेव्हा गुडघा, जमीन, नवराबायकोचं भांडण तिथं नको. २०२१ च्या व्हॉट्सॲपच्या धोरणावरून स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटींचा दंड लावला, कारण ‘घ्या नाहीतर सोडा’ असं करून लोकांपुढं पर्यायच ठेवला नाही. ज्या होकाराला नकार शक्य नाही तो होकार धरायचा का, हा प्रश्न आयोगालाही पडला.

दुसरं काही आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेनं ती सगळ्यांना फुकट खुली केली, तेच आता सॉलिड नावाच्या कामात आहेत, तुमची माहिती तुमच्या पेटीत आणि ॲपनं तिथं येऊन परवानगी मागायची. मास्टोडॉन म्हणून ट्विटरसारखंच पण एका कंपनीच्या मालकीचं नसलेलं आहे, त्यात आपल्या गावाचा स्वतःचा सर्व्हर चालवता येतो, बेळगावकरांचा काढायचा विचार मी खरंच करतोय. ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर एकदम ठेवलेली नोंदवही) आणि तिच्यावर उभं केलेलं वेब ३ म्हणून जे विकतात त्याबद्दल मी सावध आहे. तिथं एकदा लिहिलेलं पुसता येत नाही, आणि खाजगीपणात पुसता येणं हेच तर मोठं. मराठीत मदत करणारं कुणी असलं तरच लोक इकडं येतील.

शहापूरच्या_बाई

वकील साहेब, कोडवाले, सिस्टर, तुमच्या प्रतिसादांवरून शाळेला द्यायचं पत्र केलंय, पालकांच्या बैठकीत वाचणार आहे. मसुदा असा:

"आमच्या मुलांना नवीन तंत्रज्ञान शिकायला मिळतंय याचा आनंद आहे. संमतीपत्र मराठीत आणि कन्नडमध्येही द्यावं. मुलाच्या नावानं खातं काढू नये. कोणती माहिती गोळा होते, कुणाकडं जाते आणि वर्षअखेर ती पुसली जाणार का हे लेखी कळवावं. १० वर्षांखालच्या मुलांना हेडसेट लावू नये. बसूनच वापर व्हावा, हेडसेट दर वेळी पुसला जावा. जे पालक सही करणार नाहीत त्यांच्या मुलांना त्याच तासाला तोच धडा दुसऱ्या पद्धतीनं शिकवावा, त्यांना बाहेर बसवू नये. दिलेली संमती परत घेण्याची सोय असावी."

शेवटचं वाक्य वकील साहेबांनी घालायला लावलं, कायद्यात ते आहेच, होकार देणं जितकं सोपं तितकंच परत घेणंही सोपं पाहिजे. ज्यांना आपल्या शाळेत वापरायचंय त्यांनी बिनधास्त उचला.

खानापूर_सेंटरवाला

बाई मी उचललो. सेंटरात भिंतीला लावायला छोटं करून देता काय, मोठ्या अक्षरात? आणि ते आधारचा अंगठा बंद करून ठेवायचं म्हणत्यात ते सगळ्यांना करून देऊ काय, की त्यात काही घोळ हाय?

कॅम्पातला_वकील

करून द्या, पण घोळ समजावून सांगा. आधारच्या वेबसाइटवर नाहीतर आधारच्या सरकारी ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे, जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. लॉक केलं की अंगठ्यावर कुणी पैसे काढू शकत नाही. पण रेशन दुकानातही तोच अंगठा लागतो, तिथंही चालणार नाही, आणि आजी रिकाम्या पिशवीनं परत जाईल. रेशनच्या वेळी तात्पुरतं उघडता येतं, पण ओटीपी परत गोव्यात जाणार. म्हणून आधी नंबर बदलून घरातल्या माणसाचा लावा आणि मगच लॉक करा. अंगठा कुठं कुठं वापरला गेला ते त्याच साइटवर मागच्या सहा महिन्यांचं दिसतं, ते प्रत्येकाला एकदा काढून दाखवा. अडलं तर आधारच्या १९४७ या नंबरला फोन करा, मराठीत बोलतात.